कांगा लीगमध्ये पहिल्यांदाच कप्तानी: ओली विकेट, उंच गवत आणि रविवारची हजेरी

प्रश्न असा आहे: "आमचा क्लब कांगा लीगच्या अगदी खालच्या डिव्हिजनमध्ये खेळतो. यंदा कप्तानी माझ्याकडे आली आहे. निम्मी मुलं टेनिस बॉलवर वाढलेली, बाकीचे नोकरी सांभाळून खेळणारे. गेल्या मोसमात आमचे बरेच डाव पन्नास-साठमध्ये आटोपले. संघ कसा निवडू? टॉस जिंकल्यावर काय करू? आणि आमच्याकडे सोळा वर्षांचा एक डावखुरा फिरकी गोलंदाज आहे. त्याला पावसात खेळवू, की हिवाळ्यातल्या सामन्यांसाठी राखून ठेवू?"

मी बरीच वर्षं मुंबईच्या या पावसाळी क्लब क्रिकेट लीगच्या खालच्या डिव्हिजनमध्ये खेळलो आणि नंतर संघ चालवला, त्या अनुभवावर सांगतो.

आधी त्या पन्नास-साठ धावांबद्दल. तुमच्या स्कोअरबुकात त्याच सामन्यांची समोरची पानं उघडा आणि प्रतिस्पर्ध्यांनी किती केल्या ते बघा. बहुतेक ठिकाणी सत्तर-ऐंशी दिसतील. म्हणजे तुम्ही दहा-वीस धावांनी हरलात. या दहा-वीस धावा एखादा चांगला फलंदाज आणून भरून निघत नाहीत. सुटलेला एक झेल, उन्हाच्या वेळी चुकीच्या टोकाकडून टाकलेली चार षटकं, आणि दहा जणांवर सुरू केलेला डाव, यांत त्या जातात. कांगाचा मोसम तोच संघ काढतो ज्याला विकेट, म्हणजे खेळपट्टी, वाचता येते आणि जो दर रविवारी सकाळी वेळेवर अकरा जण मैदानात उभे करतो. बाकी सगळं याच्या मागून येतं.

ही लीग १९४८ साली सुरू झाली, पारशी क्रिकेटपटू डॉ. होरमसजी कांगा यांच्या स्मरणार्थ. जगात इतरत्र पाऊस आला की क्रिकेट थांबतं, इथे पावसाळा हाच मोसम. ए पासून जी पर्यंत डिव्हिजन, सामने रविवारी, आणि विकेट उघडी, पावसात न झाकलेली. ही शेवटची गोष्ट नीट समजून घ्या, कारण तुमचे सगळे निर्णय तिच्याशी बांधलेले आहेत. मुंबईची विकेट लाल मातीची. कोरडी असताना तिच्यावर उसळी मिळते. पाणी मुरलं की तीच माती वेगळी वागते, आणि एका दिवसात दोन-तीन वेळा वागणूक बदलते.

पहिली अवस्था म्हणजे पूर्ण भिजलेली विकेट. रात्रभर पाऊस, सकाळी ढग, ऊन नाही. नवखे कप्तान इथे घाबरतात आणि आधी गोलंदाजी घेतात. पण अशा विकेटवर चेंडू टप्पा पडून घसरतो किंवा हळू येतो, फारसा वळत नाही. चेंडू ओला झालेला असतो, फिरकी गोलंदाजाच्या बोटांतून सटकतो. वेगवान गोलंदाजाला पाय रोवायला जमीन नसते, भुसा टाकला तरी दोन षटकांत चिखल होतो. फलंदाजाने डोकं शांत ठेवलं तर धावा करायला हीच वेळ बरी.

दुसरी अवस्था वाळत्या विकेटची. पाऊस थांबलेला, ऊन पडलेलं, वरचा थर घट्ट होऊ लागलेला आणि खाली ओल. हीच कांगाची खरी विकेट. चेंडू मातीला चावतो आणि उठतो. एक गुडघ्याला राहतो, पुढचा हनुवटीपाशी येतो. १९६८ साली लंडनच्या ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीत शेवटच्या दिवशी मैदान तुंबलं होतं. प्रेक्षकांनी उतरून पाणी काढायला मदत केली आणि त्या वाळत्या विकेटवर इंग्लंडच्या डेरेक अंडरवूडने ५० धावांत ७ बळी घेतले. आझाद मैदानावर किंवा क्रॉस मैदानावर जुलै-ऑगस्टमध्ये तुमच्या एखाद्या साध्या मध्यमगती गोलंदाजालाही तास-दीड तास अशी विकेट मिळू शकते. तो तास कधी येणार हे ओळखणं हेच तुमचं काम.

तिसरी अवस्था, म्हणजे पुन्हा वाळून सपाट झालेली विकेट, सप्टेंबरच्या कोरड्या आठवड्यात भेटते. तिच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, तिथे नेहमीचं क्रिकेट खेळा.

टॉसचं उत्तर आता सोपं होतं. रात्री पाऊस झाला आणि सकाळी आकाश गच्च असेल तर फलंदाजी घ्या, ऊन पडायच्या आत जमतील तेवढ्या धावा करा. सकाळीच ऊन तापू लागलं असेल आणि विकेटवर हात ठेवल्यावर बोटांना चिकटणारी ओल लागत असेल, तर गोलंदाजी घ्या. अंगठा दाबून बघायची जुनी पद्धत अजूनही चांगली: अंगठा सहज रुतला तर विकेट अजून भिजलेली, वर कडक लागून खाली दबली तर सावध व्हा. आणि हा निर्णय एकट्याने घेऊ नका. मैदानावरचा माळी त्या पट्टीला रोज बघतो. कुठल्या टोकाला पाणी जास्त साचतं, कुठली बाजू आधी वाळते, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. शनिवारी संध्याकाळी त्याला फोन करा, रविवारी गेल्यावर आधी त्याच्याशी बोला, मोसमाच्या सुरुवातीलाच त्याची ओळख करून घ्या. हवामान खात्याचा अंदाज बघाच, पण मुंबईत कुलाब्याला कोरडं आणि सांताक्रूझला धो धो असं वारंवार होतं. सांताक्रूझला नुसत्या जुलै महिन्यात सरासरी ८०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण तो नेमका तुमच्या मैदानावर, तुमच्या रविवारी पडेलच असं नाही.

आता फलंदाजी. कांगामध्ये विकेटइतकंच महत्त्वाचं आहे ते गवत. पावसाळ्यात बाहेरचं गवत पोटरीपर्यंत येतं, कधी त्याहून वर. कोरड्या मैदानावर चौकार गेलेला कव्हर ड्राइव्ह इथे वीस पावलांवर थांबतो. ज्या फलंदाजाचा सगळा खेळ जमिनीलगतच्या फटक्यांवर उभा आहे त्याचे चार सुंदर ड्राइव्ह मिळून चार-पाच धावा होतात. म्हणून तुमच्या टेनिस बॉलवाल्या मुलांना कमी लेखू नका. हवेतून, इनफील्डच्या डोक्यावरून चेंडू उचलायची त्यांची सवय इथे कामाची आहे. गवतात चेंडू अडकला की दोन धावा होतात, आणि ती मुलं दोन धावा पळताना विचार करत नाहीत. थ्रो तर त्यांचे लेदर बॉलवर शिकलेल्या पोरांपेक्षा सरस असतात.

त्यांना शिकवायला लागतात दोन गोष्टी. एक, चेंडू सोडणं. टेनिस बॉलमध्ये सोडलेला चेंडू म्हणजे वाया गेलेला चेंडू, त्यामुळे ऑफच्या बाहेर उसळणाऱ्या चेंडूच्या मागे त्यांची बॅट आपोआप जाते. दुसरं, मऊ हात. वाळत्या विकेटवर बॅट घट्ट धरून पुढे ढकलली की चेंडू थेट बॅटजवळ उभ्या असलेल्या सिली पॉइंटच्या हातात. खालचा हात सैल, चेंडू शेवटपर्यंत बघायचा, डोळ्यांच्या खाली खेळायचा. नेटमध्ये याचा सराव सोपा आहे: टेनिसचा चेंडू पाण्यात बुडवून ओल्या सिमेंटवर जवळून फेका. तो घसरतोही आणि उठतोही. अर्धा तास हे रोज केलं तर महिन्याभरात फरक दिसतो.

आणि धावांची किंमत तुमच्या फलंदाजांना पटवून द्या. वाळत्या विकेटवरच्या पंचवीस धावा म्हणजे डाव उभा करणारी खेळी. ड्रेसिंगमध्ये, म्हणजे तंबूत किंवा झाडाखाली जिथे कुठे तुम्ही बसता तिथे, पंचवीस करून आलेल्या मुलाला "सेट होऊन आऊट झालास" असं कुणी म्हणायचं नाही. असं ऐकलेला मुलगा पुढच्या वेळी पंचविसावर थांबून पन्नासची वाट बघतो, आणि त्या विकेटवर वाट बघणाऱ्याला एक न खेळता येणारा चेंडू येतोच. वीस-पंचवीस करणारे चार जण मिळाले की तुमचे शंभर होतात, आणि कांगामध्ये शंभरावर समोरचा संघ पॅड बांधतानाच दबावात असतो.

संघ निवडताना मी क्रम उलटा लावतो. आधी यष्टीरक्षक, मग जवळचे तीन क्षेत्ररक्षक, मग गोलंदाज, मग उरलेल्या जागांवर फलंदाज. फलंदाजीची सरासरी बघून अकरा निवडले की स्लिपमध्ये कुणाला उभं करायचं हा प्रश्न मैदानात गेल्यावर पडतो. स्लिप, शॉर्ट लेग, सिली पॉइंट, गली, या जागांवर मोसमभर तीच माणसं हवीत. ओल्या चेंडूचा झेल वेगळा असतो, तो हातातून साबणासारखा निसटतो, आणि सराव नसेल तर सुटतोच. सरावात बादलीत बुडवलेले चेंडू घेऊन कॅच घ्यायला लावा. खिशात प्रत्येकाच्या कोरडा रुमाल हवा आणि षटकागणिक चेंडू पुसायची जबाबदारी एका ठरावीक माणसाकडे.

दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखाना या मुंबईतल्या दोन क्लबांची जुनी चुरस ज्यांनी पाहिली त्यांना हे सांगावं लागत नाही. दादर युनियनकडे माधव मंत्री, वासू परांजपे यांच्यापासून सुनील गावस्कर, दिलीप वेंगसरकर यांच्यापर्यंत नावं होती, पार्ककडे अजित वाडेकर, रमाकांत देसाई, पद्माकर शिवलकर. ही माणसं कसोटी आणि रणजी खेळून पुन्हा रविवारी चिखलात उतरायची. त्या संघांची शिस्त हा मैदानावर बोलण्याचा विषय असायचा: वेळेवर येणं, स्वच्छ पांढरे कपडे, क्षेत्ररक्षणात ढिलाई नाही. खालच्या डिव्हिजनमधला संघ त्यांच्याइतका चांगला खेळू शकत नाही, पण त्यांच्याइतका वेळेवर नक्कीच येऊ शकतो. आणि मला हा फरक फार मोठा वाटतो.

कारण खालच्या डिव्हिजनमध्ये निम्मे गुण हजेरीवर जातात. तुमची मुलं डोंबिवलीहून, विरारहून, पनवेलहून येत असणार. रविवारचा मेगाब्लॉक मध्य रेल्वेवर साधारण अकराच्या सुमारास सुरू होतो, म्हणजे सकाळी वेळेवर निघालेल्याला तो लागत नाही, उशिरा निघालेल्याला लागतो. शनिवारी रात्री ब्लॉकचं वेळापत्रक ग्रुपवर टाका आणि कोण कुठली गाडी पकडणार ते लिहून घ्या. मुसळधार पावसात शीव-कुर्ल्याला रुळांवर पाणी आलं की त्या पलीकडची माणसं अडकतात, तेव्हा अकरामध्ये निदान पाच-सहा जण मैदानाच्या जवळपास राहणारे असावेत. ते थोडे कमी चांगले खेळाडू असले तरी चालतील.

दुसरी अडचण सणांची. मोसमाच्या मध्यावर दहीहंडी येते, आणि थरांवरून पडलेल्या गोविंदाचा खांदा पुढे कित्येक रविवार जातो. मग गणपती. तुमच्या संघात कोकणातली मुलं असतील तर त्या आठवड्यात ती गावाला जाणार, त्यात वाद घालण्यासारखं काहीही नाही, गणपतीला घरी जाणं हे त्यांचं पहिलं काम आहे. तुम्ही जूनमध्येच कॅलेंडर समोर ठेवून प्रत्येकाकडून लिहून घ्या की कुठल्या रविवारी तो नाही. ते दोन रविवार भरून काढायला सोळा-अठरा जणांची नोंदणी करा आणि त्यातल्या प्रत्येकाला मोसमात काही सामने खरोखर खेळवा. नुसता बारावा म्हणून बोलावलेला मुलगा तिसऱ्या रविवारी येत नाही.

थांबायची सवयही लावावी लागते. सकाळी मैदानात तळं साचलेलं, पंच एकदा पाहणी करतात, पुन्हा तासाने करू म्हणतात. अशा वेळी संघ पांगतो. कुणी चहाला जातो, कुणी घरी निघतो, आणि साडेबाराला खेळ सुरू होतो तेव्हा तुमच्याकडे आठ जण असतात. पंचांनी सामना रद्द झाल्याचं स्पष्ट सांगेपर्यंत कुणी मैदान सोडायचं नाही हा नियम पहिल्याच रविवारी सांगून टाका. उशिरा सुरू झालेला, कमी षटकांचा सामना हा कमकुवत संघासाठी सोन्यासारखा असतो. समोरच्या चांगल्या संघाला स्थिरावायला वेळ मिळत नाही. षटकांची मर्यादा, गुण, अपुऱ्या सामन्याचा निकाल हे सगळं मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या परिपत्रकात असतं. ते दर मोसमाला नव्याने वाचा आणि छापून स्कोअरबुकात ठेवा. उपकप्तानालाही पाठ असू द्या. आघाडी मिळाल्यावर पुढे किती जोर लावायचा, डाव कधी घोषित करायचा, हे त्या गुणांवर ठरतं. ऐंशीवर डाव सोडून समोरच्यांना वाळत्या विकेटवर उतरवणं हा कांगामध्ये अगदी शहाणा निर्णय असू शकतो, आणि तो घ्यायची हिंमत कप्तानात हवी.

सामानाबद्दल थोडक्यात. पावसाळ्यासाठी जुनी, हलकी बॅट वेगळी ठेवा. तिच्या तळाला पाणी लागलं की लाकूड फुगतं आणि फुटतं, म्हणून तळाला रबर किंवा टेप हवीच. भिजलेली बॅट उन्हात ठेवू नका, सावलीत उभी करून वाळवा. पॅड आणि ग्लोव्हजमध्ये रविवारी रात्रीच वर्तमानपत्राचे बोळे भरा, नाहीतर पुढच्या रविवारी किटबॅग उघडवत नाही. बुटांना खरे स्पाइक्स हवेत. रबरी तळव्यांवर खेळायला मी कुणालाही परवानगी दिली नाही, घोटा मुरगळायला एक चेंडू पुरतो.

आणि एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. साचलेल्या पाण्यात, चिखलात घसरून गुडघा-कोपर सोलवटतं. मुंबईत पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसची भीती असते, उंदरांच्या मुतातून तो जंतू पाण्यात येतो आणि जखमेतून शरीरात शिरतो. साचलेल्या पाण्यातून गेलेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जाऊन प्रतिबंधक औषध घ्यावं असं महापालिका सांगत असते. साबण आणि स्वच्छ पाण्याचा कॅन किटबरोबर न्या, जखम लगेच धुवा. नंतर ताप आलाच तर डॉक्टरांना मैदानावरची जखम आवर्जून सांगायला लावा. विजा कडाडायला लागल्या की पंचांची वाट न बघता मुलांना बाहेर काढा, झाडाखाली उभं राहू देऊ नका.

ही लीग पावसाळ्यानंतर खेळवावी अशी सूचना अधूनमधून कुणीतरी करतं. मोठ्या सामन्यांत विकेट झाकलेल्या असतात, मग ओल्या विकेटवर शिकून उपयोग काय, असा त्यांचा मुद्दा. मला तो पटत नाही. उशिरा खेळणं, मऊ हात, पायांची घाई नसणं, आणि एकच चेंडू आपल्याला संपवू शकतो हे माहीत असूनही उभं राहणं, हे वाळत्या विकेटवर जितकं लवकर अंगात मुरतं तितकं फलंदाजीला सोप्या, पाटा विकेटवर मुरत नाही. शिवाय मोसमी पावसाच्या तीन-चार महिन्यांत मुंबईच्या हजारो हौशी खेळाडूंना हातात लेदरचा चेंडू घ्यायला मिळतो तो या लीगमुळेच. कोरड्या दिवसांत मैदानांवर इतक्या स्पर्धा असतात की खालच्या डिव्हिजनच्या क्लबला तारीख मिळणं अवघड होईल.

आता तुमचा सोळा वर्षांचा डावखुरा. त्याला हिवाळ्यासाठी राखून ठेवू नका. १९८४ मध्ये सचिन तेंडुलकर ११ वर्षांचा असताना जॉन ब्राइट क्लबकडून कांगा खेळला होता, तेव्हा सोळा हे वय लहान नाही. आणि डावखुऱ्या फिरकीसाठी तर हीच शाळा आहे. पद्माकर शिवलकर एकही कसोटी खेळले नाहीत, पण प्रथम श्रेणीत त्यांनी ५८९ बळी घेतले, आणि ओल्या-वाळत्या विकेटवर त्यांच्यासमोर उभं राहणं काय होतं हे त्यांच्याविरुद्ध खेळलेले फलंदाज अजून सांगतात. टप्पा आणि दिशा सोडायची नाही, बाकी काम विकेटवर सोपवायचं, ही त्यांची पद्धत होती.

तुमच्या मुलाला नेमकं तेच सांगा. वाळत्या विकेटवर चेंडूला उंची द्यायची नाही. थोडा वेगाने, सपाट, मधल्या आणि ऑफ स्टंपच्या रेषेत, एकाच टप्प्यावर. जास्त वळवायचा प्रयत्न केला की चेंडू सगळ्यांना चुकवून यष्टीरक्षकाकडे जातो आणि हाती काही लागत नाही. बॅटच्या अर्ध्या रुंदीइतका वळला तरी स्लिप आणि सिली पॉइंट कामाला लागतात. विकेट भिजलेली असेपर्यंत त्याला गोलंदाजी देऊ नका. ओल्या चेंडूने त्याला दोन षटकांत वीस धावा बसल्या तर ऊन पडेपर्यंत त्याचा हात आखडलेला असेल. तोपर्यंत कटर, म्हणजे बोटांनी कापून वळवलेला चेंडू, टाकणाऱ्या मध्यमगती गोलंदाजांना चालवा, त्याला मिड-ऑनला उभं करा आणि टॉवेल त्याच्याच कमरेला द्या, म्हणजे चेंडूची ओल त्याला षटकागणिक कळत राहील. विकेटचा रंग गडद तपकिरीवरून फिका व्हायला लागला आणि चेंडू टप्पा पडल्यावर मातीचा ठसा उमटवायला लागला की लगेच त्याला आणा, ज्या टोकाची समोरची बाजू आधी वाळते त्या टोकाकडून. दोन माणसं बॅटच्या जवळ द्या आणि त्याला एक-दोन चौकार बसले तरी त्यांना मागे घेऊ नका. पहिल्या स्पेलची सहा-सात षटकं त्याची, मधे काढायचं नाही, हे त्याला चेंडू हातात देतानाच सांगा. आणि मुलाच्या आई-वडिलांना पहिल्या रविवारी मैदानावर बोलवा, तो कुठे खेळतो, कुणाबरोबर घरी परततो हे त्यांनी एकदा बघितलं की परवानगीचा प्रश्न पुढे सहसा येत नाही.